महिन्यातून एकदा तरी

माझा नवरा आर्लन महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घरी येतो म्हणजे येतोच. नोकरी मिनेसोटात, लोखंडाच्या खाणीत. घर इकडे नॉर्थ डकोटात. मध्ये सहा तासांचा रस्ता. एकदा बर्फाने हायवे बंद झाला, तर शेवटचे चाळीस मैल गडी कुणाची तरी बर्फावरची स्कूटर मागून आला. वीस मिनिटं बसला, माझी हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला खिमा-बटाटा, खाल्ली आणि परत गेला. गावातल्या बायका माझ्यावर जळायच्या. मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला सांगू.

निघताना दर वेळी एक फोटो. गावाच्या पाटीखाली आम्ही दोघं, आणि माझ्या हातात त्या दिवसाचा पेपर, तारीख दिसेल असा. मला वाटायचं, माणूस हळवा आहे, आठवणी जपतो. बोलून दाखवायचा नाहीच. आमच्याकडचे पुरुष बायकोवरचं प्रेम एकदम थडग्यावर लिहितात.

या एप्रिलात मिनेसोटाच्या टॅक्स खात्याच्या क्रॉस बाई घरी आल्या. मी कॉफी ठेवली, लिंबाच्या वड्या ठेवल्या.

"कमावता आमच्या राज्यात, टॅक्स भरता या राज्यात," बाई आर्लनला म्हणाल्या. "दोन राज्यांचा तसा करार आहे, माझं काही म्हणणं नाही. पण अट आहे. महिन्यातून एकदा तरी घरी यायला हवं. आलात याला पुरावा?"

आर्लन उठला, आतून बुटांचं खोकं घेऊन आला आणि तीन वर्षांचे फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला.

"म्हणजे तू टॅक्सच्या फॉर्मसाठी यायचास?"

"नुसता फॉर्मसाठी नाही."

"मग आणखी कशासाठी?"

"हॉटडिश असायची."

मेल्याला लाटण्याने हाणावं असं वाटलं, पण घरात सरकारी माणूस होतं. आणि ते माणूस भिंग लावून माझंच तोंड तपासत होतं.

"प्रत्येक फोटोत तुम्हीच ना? या ऑगस्टच्या फोटोत केस वेगळे दिसतात."

"रंगवले होते. नवऱ्याच्या लक्षात आलं नाही, तुमच्या आलं. बरं वाटलं."

बाईंनी फोटो दोनदा मोजले. "पस्तीसच आहेत. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी कुठंय?"

"नाही आलो," आर्लन म्हणाला.

"का?"

"जमलं नाही."

"एक महिना चुकला तरी अख्ख्या वर्षाचा टॅक्स आमच्याकडे भरावा लागतो. कल्पना होती ना?"

"होती."

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी मी मिनीयापोलिसच्या हॉस्पिटलात काढला. हृदयाची झडप बदलली, मग ताप चढला तो उतरेना. आर्लन महिनाभर बिनपगारी रजा टाकून उशाशी प्लास्टिकच्या खुर्चीत, पायात बूट तसेच. पेपरातल्या जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिराती मला वाचून दाखवायचा, किमतीसकट. नर्स म्हणायची, एक दिवस घरी जाऊन या हो, झोप काढा. हा मान हलवायचा आणि पुढचा ट्रॅक्टर वाचायचा.

"शेवटच्या शनिवारी तुला अट आठवत होती?" मी विचारलं.

"गुरुवारपासून आठवत होती."

"मग गेला का नाहीस? एका दिवसात जाऊन आला असतास."

"घरी कोण होतं?" आर्लन म्हणाला, आणि त्याने एक वडी उचलली.

क्रॉस बाईंनी कॉफी हलवली, उगाचच. साखर घातलेली नव्हती. मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "फोटोच हवा असं काही नाही. बायकोची लेखी साक्षही चालते. ते आले होते असं तुम्ही लिहून दिलंत, तर मी जास्त खोदत बसणार नाही."

आर्लन माझ्याकडे बघत होता. टॅक्सचा आकडा त्याला पाठ असणार.

मी बाईंचा छापील कागद पुढे ओढला. 'पती फेब्रुवारीत घरी आले होते काय?' त्याच्यासमोर ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.