साक्षीच्या अक्षरातली वही

"माय साक्षी, तुह्यापुढं कसं लिहितो गं ह्यो?" शिवकन्या वर्गाच्या दारातूनच म्हणाली. "घरी पाटी देली की नुसता बघत बसतो. काल दोन थोबाडीत देल्या म्या. नाटकं करून राह्यला."

प्रेम आईच्या पदराआडून साक्षीकडे पाहून हसला. तिसरीतलं पोरगं, जन्मापासून बोटं आखडलेली. गाल अजून लाल होता.

 मंठ्याच्या या शाळेत नववीच्या पोरींना अशा लेकरांच्या 'सोबती' म्हणून नेमलं, तेव्हा या लेकरांना शिकवणाऱ्या शीतल मॅडमनी एकच गोष्ट बजावली होती: हात धरायचा नाही. लेकरू स्वतः लिहीपर्यंत मनात शंभर मोजत थांबायचं. साक्षी विसापर्यंत पोचायची, तोवर मागून सोमेश्वर सरांचं सुरू व्हायचं, "जल्दी आटप गं, तपासणीला साहेब येऊन राह्यले. पानं भरलेली पाहिजेत." मग तिचा हात आपसूक प्रेमच्या मुठीवर जायचा. गिरवत गिरवत अख्खी वही भरली होती.

तीच वही सरांनी आता शिवकन्येपुढे धरली. "बघा ताई, पोरगं हुशार आहे. घरी जरा धाक ठेवा."

शिवकन्येनं पानाला लावण्याआधी बोट पदराला पुसलं. ते पाहून साक्षीला राहवेना.

"सर, ते अक्षर माझं आहे."

"साक्षी, पिंपात पाणी भरलंस का?"

"काकू, त्याचा हात धरून मी लिहिलंय. सगळं. तो नाटकं करत न्हाई. त्यानं एक अक्षर लिव्हलं न्हाई, कारण मी लिहूच देलं न्हाई."

शिवकन्येनं प्रेमच्या लाल गालाकडे पाहिलं. "मंग म्या मारलं ते?"

 सर खिडकीकडे वळले.

"उद्या साहेबांना काय दाखवू मग मी?" ते पुटपुटले.

"कोरी दाखवा," साक्षी म्हणाली.  इतके दिवस सरांना बरं वाटावं म्हणून ती त्या इवल्याशा मुठीला मुरगाळत होती, आणि ते लेकरू हसत होतं.

तिनं नवी वही उघडली. पेन्सिल प्रेमच्या बोटांत अडकवून दिली आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्याच्या शेजारी बसली. एक, दोन, तीन.

चाळीसला पेन्सिल खाली पडली. त्यानं स्वतःच चाचपडत ती उचलली. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं डबे घेऊन पळाली, सर निघून गेले. साक्षीनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

दुसऱ्यांदा सत्तरला कागदावर एक रेघ उमटली. तिरकी, थरथरती, समासात घुसलेली. प्रेमच्या कपाळावर घाम आला होता. शिवकन्येनं वाकून त्याच्या मुठीकडे हात नेला.

"काकू," साक्षी म्हणाली, "हात मागं घ्या."