झेंड्यावरची पेलिकन

१९७९ सालच्या जुलैत जालिंदर पाटोळे कतारमधल्या दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये बोर्ड रंगवायचा. कराडजवळच्या गावातून येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. त्या आठवड्यात वेगळंच काम आलं. लँड्री नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला आपल्या राज्याचा, लुइझियानाचा, झेंडा प्लायवूडवर रंगवून हवा होता. शुक्रवारी त्यांच्या लोकांचं जेवण होतं.

निळ्या रंगावर पांढरी पेलिकन आणि घरट्यात तीन पिल्लं. असला पक्षी जालिंदरने कधी पाहिला नव्हता; पहिल्यांदा हातून बगळाच उतरला. लँड्री हसला आणि चोचीखालची पिशवी त्याने स्वतः काढून दाखवली. हैदराबादचा फोरमन नसरुद्दीन त्याचं बोलणं हिंदीत सांगत होता. राज्याला नाव फ्रान्सच्या लुई राजाचं. जिल्ह्याला तिकडे पॅरिश म्हणतात. पिल्लं उपाशी असली की पेलिकन आपली छाती फोडून त्यांना रक्त पाजते, अशी जुनी समजूत. तेवढे रक्ताचे थेंब विसरायचे नाहीत.

"खरंच पाजते?" जालिंदरने विचारलं.

नसरुद्दीनने विचारून सांगितलं, "नाही. गोष्टच आहे. त्यांच्याकडच्या तपकिरी पेलिकन तर शेतातल्या औषधांनी पार संपल्या होत्या. फ्लोरिडातून आणून परत सोडल्या."

बुधवारी दुपारी तार आली. अंजना सीरियस, ताबडतोब ये. अंजना त्याची सहा वर्षांची मुलगी.

तो तसाच रंगाच्या हातांनी ऑफिसात गेला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता, किल्ली मालकाकडे आणि मालक लंडनला.

"त्यांच्या सहीशिवाय तुला देश सोडता येत नाही," कारकून वली म्हणाला. "दहा दिवसांत येतील, इन्शाल्ला."

"तोवर पोरीचं काय?"

नसरुद्दीनने लँड्रीला सगळं सांगितलं.

लँड्रीने लंडनच्या हॉटेलात दोनदा फोन लावला. मालक तिथून निघून गेला होता. कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. जालिंदरच्या गावात फोन नव्हता. त्याने उलट तार केली. गुरुवारी उत्तर आलं नाही. हात थांबले की नको ते मनात येई, म्हणून तो रंगवत राहिला. थेंब काढले, पुसले, परत काढले. बोर्ड न्यायला आलेला लँड्री आधी त्याच्याजवळ आला. मग "सॉरी" म्हणाला. ते नसरुद्दीनला हिंदीत सांगावं लागलं नाही.

दहा दिवसांचे सतरा झाले. मालकाने सही केली, तेव्हा उशिराबद्दल एक शब्दही काढला नाही.

गावच्या स्टँडवर चुलतभाऊ बाजीराव भेटला. "वाचली पोरगी," तो म्हणाला. "मेंदूज्वर झालता."

जालिंदर तिथेच पायरीवर बसला. बाजीराव आणखी काही सांगायला लागला होता, पण तो उठून घराकडे चालू पडला.

अंजना अंगणात पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती. केस कापलेले, मान काडीसारखी.

"अंजे," त्याने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "अंजे, मी आलोय गं."

तिने एक चिंचोका उचलून दुसऱ्या रांगेत ठेवला.

सत्यभामा दारात आली. नवऱ्याकडे बघून तिने पदर तोंडाला लावला.

"तिला ऐकू येत न्हाई आता," ती म्हणाली. "म्होरं जाऊन हुबं ऱ्हावा."