व्हिसासाठी थांबलेले नाना

सायखेड्याच्या त्या घरात जेवणाच्या वेळी टॅब पाटावर बसायचा आणि तेजल जमिनीवर.

लंकाबाई आधी टॅबपुढे ताट ठेवायच्या. बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीचा झुणका, ठेचा. टॅबमधून त्यांचा मुलगा किशोर मेलबर्नहून म्हणायचा, "आई, माझं जेवण झालं गं." लंकाबाई म्हणायच्या, "मंग निस्तं बघून तरी घे." तो बघून घ्यायचा. मग तेच ताट तेजलकडे सरकायचं. तोवर भाकरी गार झालेली असायची.

माणसाला माणसाचा हेवा वाटतो, हे आपण समजू शकतो. तेजलला टॅबचा वाटायचा. शहरात द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ती हिशेब बघायची, तिथल्याच पगारातून तिनं तो आणला होता. म्हणजे ज्याच्यावर जळायचं, ती वस्तूसुद्धा तिनं स्वतःच्या पैशानं घेतली होती. अशी सोय फार थोड्यांना मिळते.

घराबाहेर कडुनिंबाच्या झाडाला नाना टांगलेले होते.

नाना म्हणजे वाल्मीक, तेजल आणि किशोरचे वडील. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि एकवीसच्या उन्हाळ्यात कोरोनानं गेले. त्यांच्या अस्थी तांब्याच्या कलशात, पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधून, फांदीला लटकत होत्या. अस्थी घरात आणायच्या नाहीत, ही एक रीत. त्या मुलाच्याच हातानं पाण्यात सोडायच्या, ही दुसरी. गंगा, म्हणजे गोदावरी, झाडापासून हाकेच्या अंतरावर होती. मुलगा मात्र समुद्रापलीकडे. कोरोनाच्या नियमांमुळे तात्पुरत्या व्हिसावर ऑस्ट्रेलिया त्याला बाहेर पडू द्यायला तयार होता, परत आत घ्यायला नव्हता. आला असता तर नोकरी गेली असती. म्हणून किशोर थांबला आणि किशोरसाठी नाना थांबले. पावसाळ्यात तेजलनं खताची रिकामी गोणी कापून नानांना रेनकोट शिवला. मेलेल्या माणसाला रेनकोट घालणारं तालुक्यातलं बहुधा हे एकच घर असेल. पण रीत पाळायची म्हटलं की माणूस शिवणकामसुद्धा शिकतो.

आता मजा अशी की, नानांना अग्नी तेजलनंच दिला होता.

तेव्हा दुसरं कोणी पुढं यायलाच तयार नव्हतं. नानांचे धाकटे भाऊ यादवतात्या अमरधामच्या गेटाबाहेर दोन मास्क लावून उभे होते. तिथूनच ते ओरडले, "पोरी, तूच दे अग्नी! आता काळ बदलला. मुलगा-मुलगी एकच हाय!" पीपीई किटमध्ये घामानं निथळत, काचेवर वाफ धरलेली, तेजल एकटी आत गेली. आपण समाजसुधारणा करतो आहोत हे तिला तेव्हा समजलं नाही. चष्म्यातून तिला नीटसं दिसतच नव्हतं.

दशक्रियेपर्यंत गावातली साथ जरा उतरली. त्याबरोबर काळही मागे सरकला. कर्ता मुलगाच पाहिजे, असं तात्यांनी ठरवलं. मग घाटावर टॅबला पाट दिला. गुरुजींनी टॅबला उपरणं घातलं आणि स्क्रीनवर गंध लावलं. त्या बोटानं आवाज बंद झाला. त्यामुळे किशोर बराच वेळ मंत्रांमागून नुसता ओठ हलवत होता. पिंड तेजलनं केले, मांडले. कावळाही तिच्यासमोरच शिवला. तात्या सगळ्यांना म्हणाले, "बघा, किशोरच्या हातचं कसं पटकन शिवला!"

"मग अस्थीही टॅबच्या हातानं सोडू," तेजल म्हणाली.

तात्यांनी थोडा विचार केला. "नाय नाय. पाण्यात पडला म्हंजे? महागाचा दिसतोय."

तर असे नाना राहिले झाडावर. तेजल रोज कामाला जाताना झाडाखालून जायची. रोज तिच्या मनात यायचं की हात वर करावा, गाठ सोडावी, गंगेवर जावं. तिला फक्त तेवढंच पाहिजे होतं, नानांना पोचवायचं होतं. आणि रोज आई ओट्यावरून म्हणायची, "तेजू, हात लावू नको हां. त्याचा मान हाय तो."

बावीसच्या जानेवारीत मेलबर्नची वाट मोकळी झाली आणि किशोर आला. पण नवीन लाट आली होती. परदेशातून आलेल्यानं सात दिवस घरातच वेगळं राहायचं आणि मग तपासणी, असा नियम होता. किशोर माळ्यावरच्या खोलीत गेला. लंकाबाईंनी जिन्याखालून त्याला पोटभर पाहिलं, रडल्या, आणि मग सवयीनं टॅब लावला. किशोर वरून टॅबमध्ये आला.

"दिसतोय का गं, आई?"

"दिसतोय. तिकडून जरा जास्त चांगला दिसायचा."

आता टॅब पाटावर होताच, शिवाय गरम भाकरी वर जायला लागली. तेजलचा हेवा आता दोन ठिकाणी विभागला. नदीकाठी तात्यांनी मोठा फ्लेक्स लावला. मध्ये नाना, उजवीकडे सूट घातलेला किशोर, 'ऑस्ट्रेलियाहून खास आगमन', आणि डावीकडे सगळ्यांत मोठे, हात जोडलेले स्वतः तात्या. तेजल फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली.

"तात्या, माझा फोटो?"

"अगं, असल्या बोर्डावर पोरीचा फोटो बरा दिसत नाय. तुझं लग्नाचं वय हाय."

"म्हणजे माझा बाप मेला हे लोकांना कळू नये?"

"तू लय उलटं बोलू राहिली हल्ली," तात्या म्हणाले आणि मांडववाल्याकडे वळले.

त्या दिवशी ताट घेऊन वर तेजल गेली. आईला जिना चढवत नव्हता. तिनं ताट दाराशी ठेवलं आणि निघाली.

"ताई, थांब ना," आतून किशोर म्हणाला.

"भाकरी गार होईल. तुला सवय नाही."

"तू माझ्यावर चिडलीयेस."

"चिडले नाही. जळतेय. वेगळं असतं ते."

 मग तो म्हणाला, "मीपण."

"तू? कशावर? पाटावर बसून?"

"तू नानांना दवाखान्यात नेलंस. तुझ्या खांद्यावर डोकं होतं त्यांचं. माझ्याकडं काय आहे सांगू? एक स्क्रीनशॉट आहे. त्यातही निम्मे नाना आणि निम्मा सिलिंग फॅन. मी तो तिकडं फ्रेम करून लावलाय. लोक विचारतात, हे काय आहे." मग त्यानं विचारलं, "शेवटी काय म्हणाले ते, ताई?"

हे तिनं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. तिच्या वाटणीला आलेली तेवढी एकच गोष्ट होती आणि ती तिनं मुठीत धरून ठेवली होती. माणूस जमिनीचा तुकडा देईल, पण असली गोष्ट देत नाही. ती जिन्यात बसली. 

"गाडीत त्यांना श्वास घेता येत नव्हता. माझा हात ओढला. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगणार. म्हणाले, 'पाण्याची मोटार बंद केली का?'"

दारामागून आधी हसल्याचा आवाज आला, मग तो हसण्याचा राहिला नाही.

"केली होतीस?"

"नाही. पण मी हो म्हणाले."

किशोर म्हणाला, "ताई, विसर्जन तूच कर. मी सांगतो तात्यांना."

तेजल ताडकन उठली. "तू कोण देणारा? तुझ्या खिशात होतं का ते? आधी मान तुझा, आता दानही तुझं! भाकरी खा."

आणि ती खाली गेली. किशोरला वाईट वाटलं. पण त्याला हेही उमगलं, की गार भाकरी इतकीही वाईट लागत नाही.

विसर्जनाच्या सकाळी घरापुढच्या मांडवात अर्धं गाव जमलं. गुरुजी आले. तात्यांनी कलश झाडावरून काढून चौरंगावर ठेवला. किशोर पांढरं धोतर नेसून माळ्यावर तयार होता. फक्त तपासणीचा निकाल यायचा होता, आणि तात्या सांगत होते की ती नुसती फॉर्मॅलिटी आहे. तेवढ्यात किशोरचा फोन वाजला.

पॉझिटिव्ह.

बातमी माळ्यावरून मांडवात पोचली आणि मांडव आपोआप रुंद झाला. लोक खुर्च्यांसकट मागे सरकले. तात्यांनी खिशातून मास्क काढला, मग दुसरा काढला. तात्यांची सुधारक मतं अशीच होती. शेजारी ताप आला की ती जागी व्हायची.

"मंडळी," तात्या म्हणाले, "मी तर आधीपासून सांगू राहिलो, आता काळ बदलला! मुलगा-मुलगी एकच हाय. तेजू, ये पोरी, उचल कलश. तुझाच मान हाय."

टाळ्या वाजल्या. लांबून, पण वाजल्या.

ज्यासाठी ती रोज झाडाखालून मान खाली घालून गेली होती, ते चौरंगावर समोर होतं. कोणी अडवत नव्हतं. तिचे हात पुढे गेले. कलशाचा थंड गळा बोटांना लागला. मग तिनं तो उचलून चौरंगावरून खाली घेतला, छातीशी धरला आणि म्हणाली, "आज नाही."

"म्हंजे?"

"किशोर बरा होऊ दे. मग त्याच्यासमोर करीन. तो ठणठणीत माझ्याशेजारी उभा असेल, तुम्ही सगळे असाल, तोंडावर फडकी नसतील, आणि कलश माझ्या हातात असेल. त्या दिवशी चालतं का, ते सांगा."

"अगं, पण आज चालतंय ना!"

"आज तुम्हाला भीती वाटतेय, म्हणून चालतंय. अमरधामलाही भीतीनंच चाललं होतं. रोग असला की मी वारस, आणि फ्लेक्स लागला की परक्याचं धन. असला मान मला नको, तात्या."

"बाईमाणसानं इतकं—" तात्यांनी सुरुवात केली.

"भावजी." लंकाबाई ओट्यावरून उतरल्या होत्या. नाना गेल्यापासून त्या चार लोकांत पुढे आल्या नव्हत्या. विधवेनं येऊ नये म्हणून. "माझा माणूस जळत व्हता तवा तुम्ही गेटाबाहेर व्हते. ही आत व्हती. मी घरी बसून टॅबला जेवू घालत राहिले आन् हिला गार भाकरी वाढली. माझं बी चुकलं. पण आता ही म्हणंल तसं व्हईल. ज्याला बघवत नसंल त्यानं येऊ नये. जागा कमी हाय, बरंच व्हईल."

कलश परत झाडावर गेला. फ्लेक्स तात्यांनी रागानं उतरवला आणि कांद्याच्या ढिगावर टाकला. पुढचे काही दिवस कांदे ऑस्ट्रेलियाहून आल्यासारखे दिसत होते.

वाचणाऱ्यांपैकी कोणाला वाटेल, आमच्याकडे असं काही नाही, आमच्याकडे मुलींना सगळं करू देतात. फार चांगलं. फक्त एकदा आठवून बघा, करू दिलं ते कधी? मुलगा लांब होता, दवाखान्यात रात्री काढायच्या होत्या, सगळे घाबरले होते, तेव्हाच ना? आणि मुलगा गाडीतून उतरला, तेव्हा कोणी कोणाला पाट दिला?

किशोर बरा झाल्यावर एका सकाळी ती तिघं गंगेवर गेली. गुरुजी आले. मांडव नव्हता. तात्या आले नाहीत. पण त्यांची बायको ज्योत्स्ना न सांगता आली आणि लंकाबाईंचा हात धरून पायरीवर उभी राहिली. थंडीनं पाण्यावर वाफ तरंगत होती. तेजल गुडघाभर पाण्यात उतरली.  फडक्याची गाठ पावसापाण्यानं घट्ट झाली होती, ती तिनं दातानं सोडली. मग ओंजळ भरली आणि पाण्याला लावली. नाना हळूहळू निघाले.

किशोर काठावर उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या मागे होता.

"ताई," त्यानं विचारलं, "मीही लावू का हात?"

तेजलनं त्याच्याकडे पाहिलं, कलशात किती उरलंय ते पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं.

"लाव," ती म्हणाली. "पण माझं झाल्यावर."