पाचवी जोडी

धाकटीच्या तोंडून तो विनोद निघाला तेव्हा कारखान्याच्या सभागृहात झाडून सगळे साहेब बसले होते, आणि अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ, भाऊजी.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे नवरे. आईवडील लवकर गेले आणि ताईच्या लग्नानंतर धाकटीही त्याच घरी राहायला आली. "मला एकावर एक फुकट मिळालीय," असं भाऊजी येईल-जाईल त्याला सांगायचे, आणि सांगताना धाकटीच्या डोक्यावर टपली मारायचे. त्या घरात पहिलं ताट तिचं. परीक्षा तिची असली की भाऊजी रेडिओ लावायचे नाहीत, ताई मोठ्यानं बोलायची नाही. अशी ती शिकली, इंजिनिअर झाली, आणि भाऊजी ज्या कारखान्यात वर्षानुवर्षं केबल टाकायचं कंत्राट घेत त्याच कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात लागली आणि कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेली.

पहिल्याच दिवशी भाऊजींनी तिला बजावलं होतं, "गेटच्या आत मी कंत्राटदार आणि तू मॅडम. नाहीतर तुझ्या हुशारीला लोक माझं नाव चिकटवतील." धाकटीनं शहाण्यासारखी मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं होतं. धुळीनं माखलेल्या शर्टातला तो माणूस आपला कोण लागतो, हे न सांगायची सोय आयतीच झाली होती. ही सोय आपल्याला आवडली याची तिला तेव्हाही लाज वाटली होती. पण थोडीच.

त्या दिवशीची सभा होती तिच्याच योजनेची. टाक्यांच्या आवारात कायम पेट घेणाऱ्या वाफेची भीती. तिथं एक ठिणगी पडली तर पुढं चर्चा करायला कुणी उरायचं नाही. म्हणून दाब, तापमान, पातळी सांगणाऱ्या प्रत्येक ट्रान्समीटरला तारांची स्वतःची जोडी. ती टाकीपासून निघायची, बाकीच्या जोड्यांसोबत एका जाड केबलमधून, लांबलचक लोखंडी ट्रेवरून, भिंतीच्या भोकातून पार कंट्रोल रूमपर्यंत जायची, आणि तिथं प्रत्येक जोडीला ठिणगीपुरतीही वीज बाहेर जाऊ न देणारा एकेक बॅरियर. ट्रान्समीटरपेक्षा त्याच्या वायरिंगचा थाट मोठा, असा सगळा प्रकार. धाकटीनं सुचवलं, की अशा धोक्याच्या जागेसाठी मान्यता असलेला बॉक्स आवारातच बसवू. सगळे ट्रान्समीटर तिथंच जोडायचे आणि बॉक्सपासून कंट्रोल रूमपर्यंत एक केबल न्यायची. ती तुटलीच तर दुसऱ्या वाटेनं आणखी एक. बाकी सगळ्याला सुट्टी.

योजना चोख होती. भाऊजींचं काम तिच्यामुळे कमी होणार होतं, पण त्याचंही त्यांना वाईट वाटलं नव्हतं. "हे आज ना उद्या होणारच," रविवारी घरी जेवताना ते म्हणाले होते. "तू करतेयस तर बरंच झालं. निदान नीट तरी होईल."

म्हणजे विनोदाची काही म्हणजे काहीच गरज नव्हती. पण वेळ दुपारच्या जेवणानंतरची, साहेब लोक पेंगुळलेले, आणि खरेदी विभागाचे प्रमुख तर चक्क डुलक्या घेत होते. धाकटीनं पडद्यावर जुन्या केबलच्या कापलेल्या तुकड्याचा फोटो लावला आणि तिची जीभ घसरली. घसरली असं तरी कसं म्हणावं? आदल्या दिवशी तिनं ते वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

"या केबलमधल्या दर पाच जोड्यांतली एक कुठल्याच ट्रान्समीटरकडे जात नाही," ती म्हणाली. "कंट्रोल रूममध्येही तिला काही काम नाही. मग ती जाते तरी कुठं?" ती मुद्दाम थांबली. "ती सरळ कंत्राटदाराच्या घरी जाते!"

सभागृह दणाणलं. खरेदीप्रमुख दचकून जागे झाले आणि शेजाऱ्याला विचारून हसले. कुणीतरी मागं वळून भाऊजींकडे बोट दाखवलं, तसा हशाला आणखी जोर आला. आणि भाऊजीही हसले. सगळ्यांच्या नंतर हसायला लागले आणि सगळ्यांच्या नंतर थांबले. धाकटीनं ते पाहिलं आणि पुढची स्लाइड लावली.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं. उद्या एखादी तार खराब झाली, नवा ट्रान्समीटर बसवायचा झाला, तर पुन्हा केबल ओढायला लागू नये म्हणून राखीव जोड्या ठेवतात. तो कारखान्याचाच नियम, आणि आराखड्यात त्या जोड्या धाकटीचाच विभाग धरतो. केबल विकत घेतो कारखाना, आणि स्टोअरमधून मोजून देतो. भाऊजींना मजुरी मिळायची ती केबल टाकायची. तिच्या पोटात चार जोड्या आहेत की चाळीस, त्यांना सारखंच. त्या पाचव्या जोडीतून त्यांच्या घरी दमडीही गेली नव्हती, आणि हे धाकटीइतकं पक्कं त्या सभागृहात कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"अगं, हे आल्यापासून तुझंच गुणगान चाललंय! काय ते समजावलंस म्हणे, एकाही साहेबाला शंका काढता आली नाही. आणि काहीतरी विनोद केलास ना? सगळे खो खो हसले म्हणे."

"हं."

"काय गं विनोद? ह्यांना विचारलं तर म्हणतात, मला नीट सांगता येणार नाही, तिच्याच तोंडून ऐक. रविवारी जेवायलाच ये."

धाकटी म्हणाली की रविवारी काम आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही तिला कामच होतं.

विनोद मात्र रिकामा बसला नव्हता. तो कँटीनमध्ये गेला, वर्कशॉपमध्ये गेला, आणि भाऊजींचं नावच पाचवी जोडी पडलं. आधी पाठीमागं, मग तोंडावर. "काय पाचवी जोडी, आज लवकर?" भाऊजी हात वर करून पुढं जायचे. नावाला चिकटून संशय आला. स्टोअरवाला त्यांच्या माणसांकडून केबलचे उरलेले तुकडेही मोजून परत घेऊ लागला. गेटवरचा पहारेकरी इतकी वर्षं त्यांना नुसता रामराम करून सोडायचा, तोही आता बाहेर जाताना पिशवी उघडायला लावू लागला.

एकदा धाकटी रांगेत त्यांच्या मागंच होती. भाऊजींनी पिशवी उघडली. आत धुतलेला जेवणाचा डबा. पहारेकऱ्यानं डब्याचं झाकण काढलं, आतला चमचा उचलून खाली पाहिलं, आणि पुन्हा ठेवला. भाऊजी शांतपणे झाकण लावत उभे राहिले. झाकण जरा वाकडं बसलं होतं, ते त्यांनी पुन्हा काढून लावलं. धाकटीला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. धरणी दुभंगली नाही आणि धाकटीही बोलली नाही. तिची पर्स कुणी उघडली नाही. "चला मॅडम," पहारेकरी अदबीनं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती खरेदीप्रमुखांच्या केबिनमध्ये गेली आणि आत शिरताच तिनं दार लावून घेतलं. हशा सगळ्यांसमोर घेतला होता, माफी मात्र बंद दाराआड मागायला निघाली होती. हे तिलाही कळत होतं.

"सर, ते मी गमतीनं बोलले होते. राखीव जोड्या आपल्याच नियमानं असतात."

"अहो, एवढं कळतं मला," ते म्हणाले. "पण तुमच्यासारख्या हुशार माणसाला गंमत सुचते, ती काहीतरी नजरेला आल्यावरच ना? नव्या युनिटच्या कामाला मी दुसरा कंत्राटदार बघतोय. डोळे उघडलेत बघा तुम्ही माझे."

"सर, तो माणूस..."

माझे भाऊजी आहेत, हे शब्द ओठांपर्यंत आले. पण ते बोलायचं तर इतकी वर्षं का लपवलंत, हे आलं. साहेब भुवया उंचावणार, हे आलं.

"...चांगला आहे," ती म्हणाली आणि तिनं पाय काढता घेतला. जिन्यात पोचल्यावर तिला स्वतःची इतकी किळस आली, की दोन मिनिटं ती कठड्याला धरून उभी राहिली.

भाऊजी तिला टाक्यांच्या आवारात सापडले. नव्या बॉक्सची केबल तेच टाकत होते. उकिडवे बसून केबल ट्रेला पट्टीनं आवळत होते, आणि आवळून झाली की अंगठ्यानं दाबून बघत होते.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली.

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. "मॅडम, इथं नको."

"माझं चुकलं."

"हेल्मेटचा पट्टा बांधा तुमचा." मग वर न बघता, आवाज खाली आणून, "लोक बोलतात आणि विसरतात, त्याचं काही नाही. तुझ्या ताईला मी सांगितलेलं नाही. तिला फार अभिमान आहे गं तुझा. तेवढा सांभाळ."

त्यांनी रागवायला हवं होतं. चार शब्द सुनावले असते, तर ते निमूट ऐकून ती मोकळी तरी झाली असती. ते पुढची पट्टी आवळायला लागले.

नवा बॉक्स सुरू झाला त्या दिवशी पुन्हा तेच सभागृह भरलं. मुख्य कार्यालयातून पाहुणे आले होते. टाळ्या झाल्या, धाकटीच्या हातात फुलं आली. मग कारखान्याचे व्यवस्थापक माईकवर म्हणाले, "मॅडम, ती पाचव्या जोडीची गंमत पाहुण्यांना ऐकवाच." लोक आधीपासूनच खुसखुसायला लागले. भाऊजी दाराजवळ होते. या वेळी हसायला उशीर होऊ नये म्हणून की काय, त्यांनी चेहऱ्यावर हसू आधीच आणून ठेवलं होतं. ते आणून ठेवलेलं हसू पाहिलं आणि धाकटीला राहवेना.

"ती पाचवी जोडी आपल्याच नियमानं असते," ती म्हणाली. "ती माझा विभाग ठरवतो. केबल टाकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. मला हे माहीत होतं. हशा हवा होता म्हणून मी खोटं बोलले."

काही जण हसले. खरी मजा पुढं असेल, असं त्यांना वाटलं.

"आणि ते कंत्राटदार माझे भाऊजी आहेत. मी त्यांच्या घरात वाढले, त्यांच्याच कमाईवर शिकले. हेही मी इथं कधी सांगितलं नाही."

हसणारे थांबले. कुणीतरी खोकलं. व्यवस्थापकांनी घाईघाईनं माईक घेऊन चहा तयार असल्याचं जाहीर केलं. सगळ्या माना मागं वळल्या होत्या, आणि भाऊजी कानापर्यंत लाल होऊन बाहेर निघून गेले.

नातं लपवल्याबद्दल साहेबांनी धाकटीची चांगली खरडपट्टी काढली. ती तिनं जवळजवळ आनंदानं ऐकून घेतली. गेटवर पिशवी उघडणं बंद झालं. खरेदीप्रमुख नव्या युनिटबद्दल पुन्हा विचार करू म्हणाले. पाचवी जोडी हे नाव मात्र गेलं नाही, कारण एकदा चिकटलेलं नाव असं सहजासहजी सुटत नाही. तरी धाकटीला वाटलं, झालं ते झालं, आता ताईला तोंड दाखवायला हरकत नाही. रविवारी ती जेवायला गेली.

ताईनं ताटं मांडली. भाऊजी हात पुसत येऊन बसले.

"हां, आता सांग," ताई म्हणाली. "किती दिवस टाळतेयस. तो विनोद."

"जाऊ दे ना," भाऊजी म्हणाले. "शिळा झाला आता."

"शिळा तर शिळा. साऱ्या जगानं ऐकला, मीच तेवढी राहिले."

भाऊजींनी धाकटीकडे पाहिलं. दुसरा कुठलाही सांग, असं ते डोळ्यांनीच म्हणत होते. आणि दुसरा सांगता आलाही असता. ताईला काय कळणार होतं? पण ज्या टेबलावर तिनं पाढे पाठ केले, त्याच टेबलाशी बसून आणखी एक खोटं बोलायची धाकटीला ताकद उरली नव्हती.

तिनं सांगितलं. केबल असते, आत तारांच्या जोड्या असतात. चार जोड्या कामाच्या. पाचवीला कुठंच काम नाही.

"मग ती कुठं जाते?" ताईनं विचारलं. वाढायचा डाव हातात धरून ती हसायच्या बेतात उभी होती.

"सरळ कंत्राटदाराच्या घरी."

ताई थांबली, अजून पुढं काही असेल म्हणून. मग तिनं भाऊजींकडे पाहिलं. ते आपल्या रिकाम्या ताटाकडे पाहत होते.

"कंत्राटदाराच्या घरी म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "आपल्याच की गं."

धाकटीनं मान खाली घातली. ताईनं तिचं ताट पुढं ओढलं आणि नेहमीसारखं आधी तिलाच वाढलं.