नवरीची सुरई

त्या उन्हाळ्यात अथेन्सच्या कुंभारवाड्यात एकच माल खपत होता, तो म्हणजे मेलेल्यांचा. मेजवान्या बंद पडल्या होत्या, प्यायच्या भांड्यांना कोणी विचारत नव्हतं. जो येई तो थडग्यावर ठेवायची तेलाची पांढरी कुपी मागे, आणि तीही लगेच. फानिआस त्या कुप्या रंगवायचा आणि मनात चरफडायचा. उभ्या आयुष्यात त्याने मल्ल काढले, घोडे काढले, झिंगलेले म्हातारे काढले. त्याच्या रेघेसारखी रेघ वाड्यात दुसऱ्या कोणाची नाही, असं लोक म्हणत, आणि त्यालाही ते पटायचं. आता दिवसभर तेच थडगं आणि तीच मान खाली घातलेली बाई.

स्पार्टावाले रानं जाळत वेशीपर्यंत आले होते. खेड्यापाड्यांतली माणसं शहरात कोंबली होती. कोणी देवळात, कोणी आडव्या रांजणात संसार मांडला होता. अशात तापाची साथ आली आणि माणसं पटापट मरायला लागली. फानिआसची बायको पहिल्या लाटेतच गेली. सरणाला लाकूड कुठून आणायचं? परक्या कुणाचं तरी सरण पेटलेलं होतं, भोवती धक्काबुक्की चालली होती. इतरांसारखंच त्यानेही तिला त्यावर टाकलं आणि तोंड लपवून घरी आला. अख्ख्या गावाच्या थडग्यांसाठी कुप्या रंगवणाऱ्याच्या बायकोला ना थडगं मिळालं, ना कुपी. हे त्याच्या मनाला जे लागलं ते लागलंच.

उरली लिसिला, एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. दिवे करणाऱ्यांचा देइनिआस आरमारात वल्ही मारायला गेला होता. थंडीत तो परतला की लग्न. लग्नाच्या सकाळी झऱ्याचं पाणी आणून नवरीला आंघोळ घालतात, आणि ते पाणी येतं उंच मानेच्या सुरईतून. ही सुरई मिकिओनने चाकावर घडवली होती आणि बापाने स्वतः रंगवायला घेतली होती. मिकिओन त्याचा जुना भागीदार; भांडं त्याचं, चित्र फानिआसचं, आणि भांडण दोघांचं.

सुरईवर त्याने वरात काढली. मशाल धरलेली बाई, बासरीवाला, आणि मधोमध नवरी, खांद्यावरची ओढणी एका हाताने सावरणारी. ती लिसिलाच होती. तिची ती जरा पुढे आलेली हनुवटीसुद्धा त्याने सोडली नव्हती. असं काम त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं, हे त्याला शेवटची रेघ ओढतानाच कळलं.

आणि मग लिसिलाला ताप आला.

शेजारची सिमाखे तिच्या उशाशी बसायची. ती विधवा होती, स्वतः तापातून उठलेली, त्यामुळे तिला आता भीती नव्हती. फानिआस मात्र घर आणि दुकान यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायचा आणि कुठेच टिकायचा नाही. अशाच एका दुपारी मिकिओनने त्याला अडवलं.

"उद्या भट्टी लावतोय," मिकिओन म्हणाला. "हे लाकूड शेवटचं. पुढचं कधी मिळेल, देवांना ठाऊक."

"मग लाव की. मला काय विचारतोस?"

"सुरईचं विचारतोय." मिकिओनने ओल्या फडक्याखालच्या सुरईकडे पाहिलंही नाही. "तळ ठेवू?"

कुंभारवाड्यात हा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कुंवार मुलगी मेली की तिच्या थडग्यावर हीच सुरई उभी करतात, फक्त तळ काढून. वरून ओतलेलं पाणी सरळ मातीत उतरतं, तिच्यापर्यंत जातं, आणि राहून गेलेली आंघोळ तिला तिथे मिळते. नवरीच्या आणि मेलेल्या मुलीच्या सुरईत फरक काय तो तेवढाच.

"आज कशी आहे ती?" मिकिओनने हळूच विचारलं.

"ओळखत नाही मला. सिमाखे म्हणते, उद्याचा दिवस काढला तर खूप."

"मग मी सांगतो ते ऐक. तळ राहू दे. वेळ आलीच तर नंतर हातोडीने फोडू."

"भाजलेल्या भांड्याचा तळ फोडणार तू? तडा मानेपर्यंत जाईल."

"जाईना का. अरे, पोर जिवंत आहे तुझी."

"तिची आईपण जिवंत होती," फानिआस म्हणाला. "मी तयारीत नव्हतो. काय केलं मी तिचं, माहीत आहे ना तुला? हिला तरी सगळं नीट मिळू दे. काप."

"मी नाही कापणार बाबा. तुझे हात आहेत, तूच काप."

फानिआसने फडकं काढलं, सुरई आडवी घेतली आणि पात्याने तळ गोल कापला. मग ओल्या बोटाने कड सारखी केली, कारण खडबडीत काम त्याला कधीच बघवत नसे. हे करताना तो रडत होता, हेही खरं आहे. पोटात माया होती म्हणूनच त्याने हे केलं. पण मायेखाली आणखीही काहीतरी होतं, आणि त्याच्याकडे बघायची त्या वेळी त्याची छाती नव्हती.

भट्टी उत्तम लागली. काळा रंग आरशासारखा उतरला, वरातीतली एकेक रेघ उठून आली.

आणि लिसिला वाचली.

ती साथ सोडून जाताना हात हलवत जात नसे. कोणाची बोटं नेली, कोणाची आठवण. लिसिलाचे डोळे गेले. देइनिआस लग्न मोडणार, असं सगळे धरूनच चालले होते. पण थंडी सुरू झाली तशी त्याची आई स्वतः येऊन म्हणाली, "डोळ्यांचं काय घेऊन बसलात? माझेही कुठे धड आहेत? दोघी मिळून चाचपू." सिमाखे कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. फानिआसने मात्र मान खाली घातली.

"फोडून टाक ती," मिकिओन दुकानात त्याला म्हणाला. "तिच्या कानावर जायच्या आत. माझ्या आजीची जुनी आहे, तीच देऊ लग्नाला."

"फोडतो," फानिआस म्हणाला. मिकिओनने पुन्हा विचारलं तेव्हाही "फोडतो" म्हणाला. सुरई पडद्यामागे होती तशीच राहिली.

मग एका सकाळी सिमाखेचा हात धरून लिसिलाच दुकानात आली. सिमाखे तिला बाकावर बसवून विहिरीवर गेली.

"बाबा, माझी सुरई कुठे आहे? बघू दे मला."

"ती... आहे ना. भाजून झाली."

"बोटांनी बघेन. तुमच्या रेघा हाताला लागतात, मला माहीत आहे. लहानपणी मी त्यांवरून नख फिरवायचे आणि तुम्ही ओरडायचात."

तळ निखळला, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण ती चित्र बघायला मागत होती. इतक्या महिन्यांत ते चित्र कोणी नीट बघितलंच नव्हतं. त्याला राहवलं नाही. सुरई त्याने आणली, बुडाशी स्वतः धरून ठेवली आणि तिची बोटं नेऊन चित्रावर टेकवली.

"ही मशाल," ती म्हणाली. "हा बासरीवाला. गाल फुगवलेत त्याने. आणि ही मी?"

"ती तू."

"हनुवटीसुद्धा काढलीत," ती म्हणाली आणि हसली. मग त्याला काही कळायच्या आत तिने सुरई ओढून मांडीवर घेतली, लहान मूल घेतात तशी, एक हात खाली लावून. तिची बोटं आत गेली.

फानिआस घाईघाईने म्हणाला, "भट्टीतून काढताना तळ निखळला. मी सांगणारच होतो."

लिसिलाने कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल.

"निखळलेली कड बोचते, बाबा. ही गुळगुळीत आहे. माती ओली असताना कापलीय आणि वरून बोट फिरवलंय." तिने बोट काढून घेतलं. "भट्टी लागली तेव्हा मी जिवंत होते."

"होतीस."

"नंतर फोडता आला असता तळ. मी मेल्यावर."

"तडा गेला असता," तो म्हणाला. "चित्र गेलं असतं."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

लिसिलाने सुरई बाकावर ठेवली. आपटली नाही, कुंभारवाड्यातली पोर ती, भांडं कसं ठेवायचं ते तिला अंधारातही ठाऊक होतं. मग ती उठली. फानिआसने हात पुढे केला. तो तिला दिसणार नव्हता, आणि "हा घे हात" एवढं म्हणायला त्याचं तोंड उघडेना. भिंत चाचपत ती दारापर्यंत गेली आणि तिथे सिमाखेची वाट बघत उभी राहिली.