धरलेल्या दंडाचं रक्त

मी दंडाला आवळायचा रबरी पट्टा बोलतोय. शिकलेला नाही. पण सुई टोचण्याआधी माणसाची धडधड पहिल्यांदा मला कळते, म्हणून ऐका.

कारखान्यातून आलो तो थेट मनोरुग्णांच्या इस्पितळात, तातडीच्या खोलीत. इथे कुणी आरडाओरडा करत आलं की आधी रक्त काढायचं, थायरॉईड बघायचं, मग नाव विचारायचं. मला ही रीत कधी पटली नाही. एका आजीबाईंचं दुखणं खरंच गळ्याच्या ग्रंथीचं निघालं होतं, गोळ्यांनी बाई माणसात आल्या. नाही कशाला म्हणू? पण तेव्हापासून सगळ्यांना एकाच काठीने हाकायला लागले.

एकदा एक बस ड्रायव्हर आणला. भिंतीवर डोकं आपटत होता. चौघांनी दाबून धरला आणि मला आवळलं. आतून असे दणके बसत होते की मीच तुटतो की काय! तसंच रक्त काढलं.

"थायरॉईड वाढलंय," धाकटे डॉक्टर खुशीत म्हणाले.

ड्रायव्हरच्या थोरल्या भावाचा जीव भांड्यात पडला. "बघा! डोक्यात काही नाही त्याच्या. गोळ्या द्या, सोमवारी पाठवतो गाडीवर."

ड्रायव्हर अजून भिंतीकडेच ओढ घेत होता. याच्या हाती भरलेली बस?

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. "दाबून धरून काढलंत ना हे रक्त? एवढ्या घालमेलीत आकडा वर जातो कधीकधी. निवू दे त्याला, मग परत काढू. तोवर गोळी नाही, गाडीही नाही."

भाऊ फणफणला. "म्हणजे वेडाच ठरवता काय माझ्या भावाला?"

पंधरवड्याने मला पुन्हा त्याच्याच दंडाला बांधलं. या वेळी कुणी धरलं नव्हतं. आकडा ठीक आला.

"मग झालंय तरी काय याला?" भावाने विचारलं.

"त्याला विचारलंत कधी?" बाई म्हणाल्या.

भाऊ ड्रायव्हरकडे वळला. मग ड्रायव्हरच बोलला, "दादा, ब्रेक दाबला होता रे मी. तरी ते पोरगं चाकाखाली गेलं. डोळा लागला की रोज जातं."

"अरे, ते प्रकरण मिटलं ना..." भाऊ म्हणाला. मग शेजारी बसून त्याने ड्रायव्हरचा दंड धरला. मी आवळतो तिथेच, पण हलक्या हाताने.

आता मला भेगा पडल्यात. खिडकी आपटू नये म्हणून कडीला बांधून ठेवलंय. इथून रोज नळ्या भरताना बघतो, आणि त्या आकड्यांवरचा संशय काही जात नाही. रक्त काढा, मी कोण अडवणार? पण आधी त्याचा दंड सोडा, आणि विचारा, "काय झालं रे बाबा?"