फ्रीझरमधल्या बंदुका

वेंडेल होराकच्या घरातलं बंदुकांचं कपाट बारा खणांचं होतं. आर्लीनचा नियम असा, की तेरावी बंदूक घरात यायची असेल तर आधी एक बाहेर गेली पाहिजे. हा नियम तिने नवऱ्याला एकदाच सांगितला होता, तोही आवाज न चढवता. लेक लग्न होऊन पिट्सबर्गला गेली, त्या हिवाळ्यात तिच्या रिकाम्या खोलीतल्या पलंगाखाली आर्लीनला चार बंदुका सापडल्या होत्या. त्या खोलीत तिला गोधड्या शिवायच्या होत्या.

वेंडेल काही फार मोठा शिकारी नव्हता. मोसमात एखादं हरण मारायचा, तेही दरवर्षी त्याच एका जुन्या रायफलने. मग बाकीच्या कशाला, असं कोणी विचारलं की तो शांतपणे समजावून सांगे. ही रानकोंबड्यांसाठी, ही कोल्ह्यासाठी, ही पावसात न्यायला. पावसात न्यायची बंदूक त्याने पावसात कधीच नेली नव्हती, कारण ती भिजली असती.

खरं म्हणजे बंदूक दुकानाच्या भिंतीवर असेपर्यंतच त्याचा जीव तिच्यात अडकलेला असायचा. घरी आणली, पुसली, खणात उभी केली, की आठवडाभर स्वस्थता. मग पुन्हा कुठल्या तरी भिंतीवर एक दिसायची. अपवाद फक्त एका बेल्जियन दुनळीचा. ती खणात उभी असतानाही त्याला हवीहवीशी वाटायची. तिला तो दुसऱ्या कोणाला तेलसुद्धा लावू देत नसे.

ओढ्यापलीकडे राहणाऱ्या रूडी सॅबोला हाच रोग होता. दोघांनी लाकडाच्या गिरणीत जन्म काढला, निवृत्त झाले तेही एकाच महिन्यात. रूडीच्या बायकोचा, व्हर्नाचा, नियम आर्लीनपेक्षाही कडक होता. तिच्या घरात कपाटच आठ खणांचं होतं. तेव्हा दोघा मित्रांनी डोकं लढवून तोडगा काढला. वेंडेलने नवीन बंदूक घेतली की ती रूडीच्या तळघरातल्या लोखंडी पेटीत जायची. रूडीने घेतली की ती वेंडेलच्या तळघरातल्या बंद पडलेल्या फ्रीझरमध्ये. फ्रीझर थंड होत नसला तरी झाकणाचं रबर घट्ट होतं आणि आत दमट हवा शिरत नव्हती.

बायकांनी विचारलंच. वेंडेल म्हणाला, रूडीच्या आहेत. रूडी म्हणाला, वेंडेलच्या आहेत. वीस वर्षांत या विषयावर दोन्ही घरांत एक अक्षर खोटं बोललं गेलं नाही, आणि त्याचा दोघांनाही अभिमान होता.

याचा परिणाम असा झाला, की आर्लीनला व्हर्नाची फार कीव यायला लागली. नवरा बंदुका आणतो आणि शेजाऱ्याकडे दडवतो, आणि त्या बिचारीला पत्ताही नाही. व्हर्नालाही आर्लीनबद्दल नेमकं हेच वाटे. दोघी एकमेकींशी इतक्या मायेने वागत, की गावात त्यांच्या मैत्रीचं कौतुक व्हायचं. व्हर्ना बटाट्याचे पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, करायची तेव्हा आर्लीनसाठी बाजूला काढलेला डबा नेहमी मोठा असायचा. बंदुकांबद्दल मात्र दोघी चकार शब्द काढत नसत, दुसरीला उगाच लाज वाटेल म्हणून.

दर शनिवारी एक मित्र दुसऱ्याच्या तळघरात आपल्या बंदुकांना तेल लावायला जायचा. ते काम अर्ध्या तासाचं होतं आणि त्याला दुपार पुरत नसे. वेंडेलकडून निघताना रूडी वर येऊन कपाटासमोर थांबायचा, दुनळीकडे बघायचा आणि विचारायचा, विकणार कधी?

"मी मेल्यावर," वेंडेल म्हणायचा.

"वाट बघतो," असं म्हणून रूडी टोपी घालायचा.

आणखी एका बंदुकीवर मात्र दोघांचाही डोळा होता. ती गावातल्या ओबर्ग मास्तरांची. जुनी, खालचा लिव्हर ओढून काडतूस चढवायची रायफल, आणि तिच्या बाजूला एक बारीक खिडकी. आत किती काडतुसं उरलीत त्याचा आकडा पितळी चाकावर फिरत त्या खिडकीत दिसायचा. मास्तर ती विकायला तयार नव्हते. त्यांच्यामागे ती बाजारात आलीच, तर ज्याच्या कानावर आधी येईल त्याने दुसऱ्याला सांगायचं आणि मग नाणं उडवून ठरवायचं, असं दोघांनी हातात हात देऊन कबूल केलं होतं.

ऑक्टोबरात सरपण रचता रचता रूडी खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेंडेल होता. दफनानंतर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण झालं. तिथे त्याने हॅम खाल्लं, लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि मग ट्रकमध्ये जाऊन, काचा वर करून तो रडला. चांगला पोटभर रडला. आणि डोळे पुसत असताना त्याला आठवलं, की आपल्या सहा बंदुका रूडीच्या पेटीत आहेत. कोणाला नाक मुरडायचं असेल त्याने खुशाल मुरडावं. ज्याला कशाचाच सोस नाही त्याला हे कळायचं नाही.

त्यानंतर तो तीनदा व्हर्नाकडे गेला. एकदा घर तापवायची भट्टी तपासायला, एकदा खिडकीच्या फटी बुजवायला, एकदा असाच. तिन्ही वेळा व्हर्ना त्याच्याबरोबर तळघरात उतरली आणि पायरीवर बसून रूडीबद्दल बोलत राहिली. वेंडेल तिन्ही वेळा हात हलवत परत आला.

मग एका रविवारी चर्चनंतर व्हर्नाने त्याला बोलावलं. एकट्याला बोलावलं होतं, पण आर्लीनने केक केला होता आणि तो द्यायला तीही निघाली. नको म्हणायला वेंडेलला कारण सुचलं नाही.

व्हर्नाच्या जेवणाच्या टेबलावर चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर त्याच्या सहा बंदुका ओळीने मांडलेल्या होत्या. आर्लीनने टेबलाकडे पाहिलं, केक ठेवायला जागा नाही असं पाहून तो ओट्यावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

व्हर्नाचे डोळे सुजलेले होते. तिची बहीण एरी शहराहून येऊन आठवडाभर राहिली होती आणि जाताना सांगून गेली होती, की सगळेच नवरे बंदूक मित्राची आहे असं सांगतात. तेव्हापासून व्हर्नाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आर्लीन, मला हे तुझ्यासमोर काढायचं नव्हतं गं," ती म्हणाली. "पण माझं डोकं फिरायची वेळ आलीय. बंदुकांचं मला काही नाही. चाळीस वर्षं मी त्या माणसाच्या शब्दावर काढली. हे एक खोटं निघालं, तर बाकीचं काय काय खोटं होतं ते मी आता कोणाला विचारू? वेंडेल, रूडी म्हणायचा या तुझ्या आहेत. खरं म्हणायचा का?"

वेंडेलला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं की घरी शांतता, आणि रूडी खोटा. त्याने आर्लीनकडे न बघता सांगितलं, "खरं म्हणायचा. माझ्याच आहेत."

आर्लीनने रुमालाची घडी घातली, ती मोडली आणि परत घातली.

"व्हर्ना," ती म्हणाली, "रूडीच्या पाच आमच्या फ्रीझरमध्ये आहेत."

दोघी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एकेक गोष्ट आपापल्या जागी बसत असलेली वेंडेलला दिसत होती, आणि त्या खोलीत आपण बसायला नको होतो असं त्याला फार वाटलं.

"म्हणजे मला तुझी कीव येत होती ती..." व्हर्ना म्हणाली.

"आणि मला तुझी."

"मी तुला मोठा डबा द्यायचे."

"माहीत आहे. मला वाटायचं, बिचारीला बोलायला कोणी नाही, म्हणून देते."

व्हर्ना हसली. रूडी गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असावी, कारण हसता हसता ती मध्येच गडबडली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, लपवलं ते लपवलं, त्याचं मी वर गेल्यावर त्याच्याशी बघून घेईन. पण खोटं तर नाही ना बोलला. एवढं म्हणून ती उठली आणि दारामागून जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली.

"आणि ही. ही पेटीत नव्हती, कोटांच्या मागे होती. तो गेला त्याच्या आधीच्या गुरुवारी मला दिसली. मी त्याला विचारलं, ही कोणाची? त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, वेंडेलची." तिने शर्ट उलगडला. "आमचं धड असं शेवटचं बोलणं तेच झालं."

ओबर्ग मास्तरांची रायफल. खिडकीत पितळी शून्य.

वेंडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात हात देऊन कबूल केलेलं, आणि हा माणूस गुपचूप मास्तरांकडे जाऊन ती घेऊन आला. वर बायकोने पकडल्यावर नाव कोणाचं सांगितलं, तर माझं. आणि आता भांडावं तर भांडायला कोणी नाही. आग ओसरायच्या आतच त्याचा हात आपोआप दस्त्यावर गेला. लाकूड गार होतं आणि फार सुंदर होतं. समोर व्हर्ना त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"माझी," वेंडेल म्हणाला.

हे तो रूडीसाठी बोलला की रायफलीसाठी, ते त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर पुष्कळ विचार करूनही कळलं नाही. व्हर्नाने मात्र शर्ट छातीशी धरला आणि म्हणाली, मग मला आज झोप लागेल.

परतताना चर्च मागे पडल्यावर आर्लीन म्हणाली, "कपाटाला बारा खण आहेत."

तेवढंच. कोणत्या सहा काढायच्या हे ठरवायला वेंडेलला अख्खा हिवाळा लागला. संध्याकाळी तो दोन बंदुका मांडीवर घेऊन बसायचा आणि झोपायच्या वेळी दोन्ही जागच्या जागी ठेवायचा. शेवटी मार्चमध्ये सहा बंदुका अग्निशमन दलाच्या सोडतीला बक्षिसं म्हणून दिल्या. मग त्याच सोडतीची मूठभर तिकिटं घेतली. एकही लागलं नाही. पावसाची बंदूक शेजारच्या गावच्या एका दंतवैद्याला लागली आणि त्याने ती म्हणे पहिल्याच पावसात बाहेर नेली. हे ऐकून वेंडेल दोन दिवस जेवला नाही.

सातवी या हिशोबात नव्हती. ती त्याने त्या रविवारीच खाली नेऊन फ्रीझरमध्ये रूडीच्या पाच बंदुकांशेजारी ठेवली होती. काही दिवसांनी आर्लीन लोणच्याच्या बरण्या आणायला तळघरात गेली तेव्हा तिने झाकण उचलून पाहिलं.

"इथे एक वाढलीय."

"रूडीची आहे," वेंडेल म्हणाला.

"तिथे तर तू म्हणालास, तुझी."

"हो."

आर्लीन झाकण लावून, बरण्या घेऊन वर गेली. त्या रात्री जेवणात त्याच्या आवडीचा कोबी आणि शेवया होत्या, एवढंच.

वेंडेलने ती रायफल एकदाही खांद्याला लावून पाहिली नाही. शनिवारी तो सहाही बंदुकांना तेल लावायचा, आणि तिची पाळी आली की रूडीला चार शिव्या घालायचा. मग गिरणीतल्या कोणाचं काय झालं, कोण आजारी आहे, ते सांगायचा. तेवढ्यात दुपार संपायची.

मे महिन्यात एका सकाळी तो शिडीवर चढून पन्हळ साफ करत असताना व्हर्ना रूडीचा ट्रक घेऊन आली. येते असं काही तिने कळवलं नव्हतं. रूडीच्या वस्तू रूडीच्या घरात बऱ्या, असं तिने आर्लीनला सांगितलं आणि दोघी खाली उतरल्या. वेंडेल शिडीवरून उतरून, बूट न काढता तळघरात पोचला, तोवर झाकण उघडलेलं होतं.

व्हर्ना आत बघत होती. तिने बोटाने एकेक बंदूक मोजली. शेवटच्या बंदुकीच्या खिडकीतलं पितळी शून्य तिला दिसलं. तिने मान वर करून वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलने बुटांकडे पाहिलं. आर्लीनने बरण्यांकडे पाहिलं.

मग व्हर्नाने रूडीच्या पाच बंदुका एकेक करून बाहेर काढल्या आणि आर्लीनच्या हातात दिल्या. सहावीला तिने हात लावला नाही.

"ही तुझी आहे," ती वेंडेलला म्हणाली. "रूडीने मला सांगितलंय."

"व्हर्ना, ती खरं तर..."

"रूडीने सांगितलंय ना."

दोघी बंदुका घेऊन वर गेल्या. वेंडेल फ्रीझरपाशी उभा राहिला, मग ती रायफल उचलून तोही जिना चढला. कपाटाचे बाराही खण भरलेले होते. हिवाळाभर त्याला जे ठरवता आलं नव्हतं, ते ठरवायला त्याला या वेळी थांबावं लागलं नाही. त्याने बेल्जियन दुनळी काढली, तिच्या खणात मास्तरांची रायफल उभी केली आणि दार लावलं.

व्हर्ना ट्रकमध्ये चावी फिरवत होती. वेंडेलने मागच्या बाजूला पांघरलेली घोंगडी वर केली आणि पाच बंदुकांशेजारी दुनळी ठेवली.

"ही कोणाची?" व्हर्नाने आरशात बघून विचारलं.

"रूडीची," वेंडेल म्हणाला.

आर्लीन पायरीवर उभी होती. व्हर्नाने गाडी गिअरमध्ये टाकली आणि सांगितलं, की शनिवारी तेल लावायला ये, मला ते काही जमत नाही. वेंडेलने घोंगडी नीट खोचली आणि येतो म्हणाला.